मानेवरचा हात

गौतमीने आमच्या साहेबांच्या हाताला चावा घेतला तो रविवार, आणि मंगळवारी संध्याकाळी मी कराटेच्या क्लासची चौकशी करत अमरावतीत फिरत होतो. मधला सोमवार साहेबांना धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून आणण्यात गेला. असं ओळीने सांगितलं की कुणालाही वाटावं, पोरगी भारी आडदांड दिसते, तिला वळण लावायला बाप निघाला आहे. ऑफिसातल्या दोघाचौघांना मी तसं वाटूही दिलं. बाकीच्यांना सांगितलं, दिवस वाईट आहेत, पोरींना चार हात करता आले पाहिजेत. दोन्ही कारणं खोटी. खरं कारण माझ्या उजव्या तळहातात होतं आणि ते काढून दाखवता येण्यासारखं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीची मान किती बारीक असते, हे तिला तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात पळतानाही मला इतकं कळलं नव्हतं.

पौषातला रविवार होता. भातकुलीच्या रस्त्याला साहेबांच्या साडूचं शेत आहे, तिथे ऑफिसातल्या सगळ्यांना बायकापोरांसकट रोडग्यांचं जेवण होतं. शालूची, म्हणजे माझ्या बायकोची, दवाखान्यात ड्यूटी होती, म्हणून मी गौतमीला एकटीलाच घेऊन गेलो. दोन हजार सहा साल संपत आलं होतं. त्या वर्षी आमच्या ऑफिसाला उसंत म्हणून नव्हती. दिल्लीची, मुंबईची पथकं यायची, पांढऱ्या गाड्यांतून गावं पाहायची, कुणाच्या घरात कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला ते विचारायची, आणि आम्ही फायली छातीशी धरून त्यांच्यामागे धावायचो. म्हणून तो एक मोकळा दिवस सगळ्यांनाच गोड लागत होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायला टाकले होते. आमच्या जीपचे ड्रायव्हर नासिरभाई उकिडवे बसून ते काठीने उलटवत होते, वांग्यांची भाजी रटरटत होती. आणि साहेबांचा खेळ सुरू झाला. भगवंतराव साहेब तरुणपणी कबड्डी खेळलेले, मनगट अजून भक्कम. लहान पोरांचा हात मनगटात धरायचा आणि म्हणायचं, ‘सोडव बरं!’ पोरं ओढतात, पिळतात, हसतात, काही रडतात. मग साहेब सोडतात आणि पेपरमिंट देतात. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक पोराचं मनगट एकदा तरी त्या मुठीतून गेलेलं आहे. आम्हीच त्यांना पुढे ढकलतो. मीही म्हणालो, ‘जाय ना गौतमी, साहेब बलावून राहिले.’ ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा नाही म्हणाली. हे दोन नकार मला मोजून आठवतात, कारण त्यानंतर मी तिला पाठीवर हात ठेवून नेलं.

तिने आधी ओढून पाहिलं. मग हात फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाली, ‘सोडा, दुखून राहिलं.’ साहेब म्हणाले, ‘दुखते म्हनून कोनी सोडते काय? दम लाव!’ सगळे हसले. मी हसलो. हसताना माझा आवाज बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा निघाला, तसा तो साहेबांच्या विनोदाला नेहमीच निघतो. तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बापाने त्या वेळी काय करावं हे काही कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही. मी म्हणालो, ‘लाव ना वं दम.’ आणि तिने वाकून साहेबांच्या हाताला दात लावले ते रक्त येईपर्यंत सोडले नाहीत. साहेबांनी हात झटकला. बायका बोलायच्या थांबल्या. साहेब स्वतःच म्हणत होते, ‘राहू द्या, राहू द्या, लेकरू हाय.’ मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवतो: कुणीही सांगितलं नव्हतं. मी पुढे झालो, तिची मान मागून पकडली आणि तिला साहेबांच्या पायांवर वाकवलं. माफी माग, म्हणालो. तीनदा म्हणालो. ती बोलली नाही. तळहाताखाली आधी तिची मान ताठ झाली, केसांच्या तेलाने माझा हात घसरला, मी पुन्हा पकड घेतली, आणि मग एकाएकी तिच्यातला विरोध गेला. कपाळ साहेबांच्या पायाला लागलं. तो विरोध गेल्याचा क्षण माझ्या हाताला कळला. इतर काही विसरेन, पण हाताला जे कळलं ते जात नाही.

माझे वडील जानराव हिवरखेडचे. छप्पन साली चौदा वर्षांचे होते. समता सैनिक दलाच्या कवायतीत निळी टोपी घालून लाठी घेऊन उभे राहायचे, त्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान. कोणापुढे वाकायचं नाही हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की ते त्यांच्या अंगातच गेलं होतं. खाली पडलेली वस्तूसुद्धा ते वाकून उचलत नसत. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत बसायचे, उचलायचे, सरळ उठायचे. गावातली पोरं त्यांची नक्कल करायची आणि मीही त्यात असायचो. घर बांधलं तेव्हा भिंती अर्ध्या असताना आधी दाराची चौकट बसवली, तीही अशी उंच की पाहुणे विचारायचे, उंट आनता काय जानराव. मी दुसरीत असताना शाळेत तपासनीस येणार होते आणि गुरुजींनी सगळ्या पोरांना पायावर डोकं ठेवायची तालीम दिली. वडील शाळेत आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘माह्या पोराले हात जोडाले सांगा गुरुजी. वाकाले नोका सांगू.’ पोरांच्या रांगेत मी एकटा हात जोडून उभा होतो, आणि मला शरम वाटली होती. वडिलांची. ते वारले त्याला आता सहा वर्षं झाली. बरं झालं वारले, असं त्या रविवारी शेतातून परत येताना स्कूटरवर माझ्या मनात आलं, आणि मागे बसलेल्या गौतमीने माझ्या कमरेला धरलं नव्हतं, सीटची कड धरली होती.

मी वाकायला कधी शिकलो हे मला नेमकं सांगता येणार नाही. त्याचा क्लास नसतो. पहिली सात वर्षं मेळघाटात काढली, बदलीसाठी अर्ज करत. अर्ज देताना मान थोडी पुढे जाते. साहेब फोनवर बोलत असतात तोवर दारात उभं राहताना खांदे आत येतात. मग भगवंतरावांनी शब्द टाकला आणि मी अमरावतीला आलो. शालूचा दवाखाना इथे, गौतमीची शाळा इथे, सगळं त्यांच्या एका शब्दावर. तेव्हापासून ते ऑफिसात शिरले की मी उठण्याआधी माझं अंग उठतं. वाईट म्हणजे त्यांनी कधी तसं मागितलं नाही. मागणारा माणूस असता तर त्याच्यावर चिडता आलं असतं.

सोमवारी जीपमध्ये साहेब पुढे, मी मागे, नासिरभाई गाडीवर. साहेबांच्या हाताला मी स्वतः घरून आणलेली पट्टी होती. ते मजेत होते. म्हणाले, ‘कुत्रं चावलं असतं तं चौदा घ्या लागले असते. हे एकातच भागलं.’ मी हसलो. आपल्या मुलीची कुत्र्याशी बरोबरी झाली आणि मी हसलो, हे मला दोन चौक गेल्यावर समजलं. आरशात नासिरभाईंचे डोळे दिसत होते. ते रस्त्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, मुद्दाम बघत आहेत. दवाखान्यात शालूच होती. घरी मी तिला सांगितलं होतं की पोरीने चावा घेतला, सगळे हसले, संपलं. गौतमीने तर कसलंच काही सांगितलं नव्हतं. शालूने पट्टी सोडली, दातांच्या खुणा पाहिल्या, सुई भरली. साहेब तिला म्हणाले, ‘सिस्टर, पोरगी तुमची वाघीन हाय. पन देवमननं लगेच माह्या पायावर घातली बरं तिले. डोकं टेकवलं. संस्कार म्हंतात ते हेच.’ शालूचा हात हवेत थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कापसाने दंड पुसला, पुन्हा पुसला, आणि सुई टोचली. ‘दुखलं काय जी?’ तिने साहेबांना विचारलं. दुखलं असावं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली, मीठ घ्या, किल्ली ठेवा, एवढंच.

म्हणून कराटे. नवऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही तेव्हा तो काहीतरी आणायला बाहेर पडतो, तसा मी बाहेर पडलो. पहिला क्लास एका समाजमंदिरात होता. शिकवणारे धर्मपाल सर तरुण, गोड बोलणारे, कमरेला काळा पट्टा. पांढऱ्या कपड्यांतली तीसेक पोरं ओरडत हवेत गुच्चे मारत होती आणि भिंतीवरून बाबासाहेब ते बघत होते. मला बरं वाटलं. पोरं रांगेत उभी राहिली, आणि सरांपुढे कमरेतून वाकली. सगळी एकदम. मी दचकलो. सरांना विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, ‘मान द्यायची पद्धत आहे, सर. सुरुवातीला आणि शेवटी. यात कमीपणा काही नसतो.’ मी मान हलवली. कमीपणाचं मला ते काय सांगणार.

बुधवारी जुन्या व्यायामशाळेत गेलो. तांबडी माती, मलखांबाला लावलेल्या एरंडेलाचा वास, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती. तिथले वस्ताद साधे, म्हातारे. मुली येतात, कुस्तीही शिकतात, म्हणाले. येणारं प्रत्येक पोर मातीला हात लावून मारुतीपुढे वाकून मग लंगोट कसत होतं. मी तिथेच ठरवलं, इथे नाही. आपण बौद्ध, आपण मूर्तीपुढे वाकत नाही. हा विचार माझ्या डोक्यात इतक्या ताठ मानेने आला की मला क्षणभर स्वतःचा अभिमानच वाटला. घरी येऊन मी तो शालूला ऐकवलाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘दगडाच्या देवापुढं वाकत नाही काय तुमी? आन् भगवंतराव कोन्या मातीचे हायेत?’ आवाज चढवला नाही. मी म्हणालो, त्यांचे उपकार आहेत. ‘हायेत ना,’ ती म्हणाली. ‘मंग तुमी टेका ना डोकं. तिचं काहून टेकवलं?’ गौतमी आतल्या खोलीत गणितं करत होती. पेन्सिलीचा आवाज थांबला होता. मला तेव्हा उठून आत जायचं होतं आणि पाच शब्द बोलायचे होते: तू चुकली नव्हतीस, मी चुकलो. अवघड शब्द एकही नव्हता. मी उठलो आणि मोरीत जाऊन पाय धुतले.

का बोलता येत नव्हतं? मी पुष्कळ विचार केला आहे. तिला तू चुकली नव्हतीस म्हणायचं तर पुढच्या वेळी काय, हा प्रश्न येणार. साहेब पुन्हा भेटणार, मनगट पुन्हा धरणार. ते खेळच समजतात. तेव्हा मी काय करणार हे मला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं. म्हणून मला असा कुणी मास्तर हवा होता जो माझ्याऐवजी तिला सांगेल की हात सोडवून घ्यायचा असतो. फी भरून मला माझं तोंड दुसऱ्याला वापरायला द्यायचं होतं.

शुक्रवारी गौतमीला धर्मपाल सरांकडे नेलं. मारुतीपेक्षा बाबासाहेब बरे, असा हिशेब. सगळी पोरं वाकली तेव्हा ती सरळ उभी राहिली आणि मला शोधत मागे वळली. मी खांबाआड होतो. सरांनी सांभाळून घेतलं, नवीन आहे म्हणाले. मग त्यांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. पहिला धडा हात सोडवण्याचा. ‘पप्पा, तुम्ही हिचं मनगट धरा. घट्ट.’ मी धरलं. तिच्या हातावर तिथेच रविवारची हिरवट खूण अजून होती, बोटांच्या मापाची. माझी बोटं बरोबर तिच्यावर बसली. सर सांगत होते, अंगठ्याच्या बाजूने फिरव, कोपर पुढे घे, आवाज काढ. तिने काहीच केलं नाही. हात माझ्या मुठीत सैल सोडून दिला. दुकानातल्या बाहुलीचा असतो तसा. सर म्हणाले, ‘घाबरू नको, जोर लाव.’ तेव्हा तिने सरांना विचारलं, अगदी शाळेत शंका विचारावी तसं, ‘सर, सोडवल्यावर माफी मांगा लागते काय?’ सर हसले, पोरं हसली. मी या वेळी हसलो नाही. तेवढंच. परतताना स्कूटरवर ती म्हणाली, ‘मी इथं नाही येत बाबा. इथं वाका लागते.’ बरं, म्हणालो. तिथेही बोलता आलं असतं. पुढे गर्दी होती, सिग्नल होता.

शनिवारी पथकाबरोबर एका गावी गेलो. मैनाबाई नावाची बाई, नवरा दिवाळीनंतर गेलेला. शेजाऱ्यांकडून खाटा-खुर्च्या मागून आणल्या होत्या. त्यांवर पथकातले लोक बसले, आमचे साहेब बसले, मी फाईल मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. प्रश्न झाले. शेवटी मुंबईच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे का? मैनाबाई म्हणाली, ‘मले बसा तं म्हना कोनी. घर माह्यं हाय आन् तासभर झाला, मीच उभी हावो.’ सगळे गडबडीने उठले. साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, हे नको लिहू. मी लिहिलं नाही. तरी ते वाक्य जीपमध्ये माझ्याबरोबर बसूनच आलं. माणसाने आपल्या घरात उभं राहावं आणि परक्यांना बसलेलं बघावं; गौतमी गेला आठवडाभर घरात अशीच वावरत होती, भिंतीकडेने, माझ्या वाटेत न येता.

साहेबांना बंगल्यावर सोडल्यावर नासिरभाईंनी गाडी लगेच सुरू केली नाही. नासिरभाई बडनेऱ्याचे. मोहर्रमच्या जुलूसात लाठी फिरवणारं त्यांचं जुनं घराणं. रविवारी सकाळी रेल्वे क्वार्टरमागच्या मैदानात ते पोरांना शिकवतात, हे मला ऐकून माहीत होतं. ‘देवमनभाऊ,’ ते म्हणाले, ‘तुमी क्लास पाहून राहिले म्हन्ते.’ मी हो म्हणालो आणि पाठ केलेलं कारण सांगू लागलो, दिवस वाईट आहेत वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मी तिथंच होतो ना भाऊ. रोडगे उलटून राह्यलो होतो.’ मला जीपमधून उतरून चालत जावंसं वाटलं. ते पुढे म्हणाले, ‘मीबी काही बोललो नाही. साहेबाची गाडी चालोतो, काय बोलू? रोडगा जळला तितक्यात एक. तोच पाहत बसलो.’ मग गाडी सुरू करत म्हणाले, ‘उद्या आना पोरीले. माही शाइस्ताबी खेळते. आवडलं तं ठीक, नाही तं चहा पिऊन जा.’

मैदानात बाभळीखाली पंधरा-वीस पोरं होती, त्यात चारपाच मुली. नासिरभाईंची शाइस्ता असेल बाराची. ओढणी कमरेला बांधून लाठी अशी फिरवत होती की मधे फटच दिसत नव्हती. गौतमी माझ्यापासून दोन हात अंतरावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. कुणीही कुणापुढे वाकत नव्हतं. खेळ सुरू करताना लाठी छातीशी आडवी धरायची, आणि नजर समोरच्यावरून हलवायची नाही. बराच वेळ पाहून गौतमी म्हणाली, ‘मले हे शिकाचं हाय.’ आठवडाभरात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. माझा जीव इतका हलका झाला की मी लगेच खिशातून पेन काढला, फॉर्म कुठे आहे विचारलं. नासिरभाई म्हणाले, फॉर्म नाही. त्यांच्याकडे घेण्याची एक रीत आहे. लाठीचं एक टोक नवीन पोराने धरायचं, दुसरं त्याच्या बापाने, आणि बापाने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं की या पोराने हात कुणाकुणावर उचलायचा नाही. ‘लाठी मी देतो,’ ते म्हणाले, ‘पन हे मी नाही सांगत. लेकरू ज्याचं, त्यानं सांगाचं.’

आमच्या आधी बडनेऱ्याचाच एक रय्यान नावाचा मुलगा होता. त्याच्या बापाने लाठी धरली आणि पाढा म्हणावा तसं म्हटलं, ‘माँ-बाप पे नहीं, उस्ताद पे नहीं, बड़ों पे नहीं, गिरे हुए पे नहीं.’ पोरं एकसुरात ‘नहीं’ म्हणाली. झालं. अर्धं मिनिट लागलं नसेल. मग नासिरभाईंनी लाठी आमच्यामधे धरली. मी माझं टोक पकडलं. गौतमीने तिचं पकडलं आणि माझ्याकडे बघितलं, सरळ, शाइस्ताकडे पाहून नुकतंच शिकली होती तसं. मला समजलं की ती ऐकायला थांबली आहे. गेल्या रविवारी शेतात मी जे शिकवलं तेच आता सगळ्यांसमोर कायम होणार, की नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मी म्हणालो, ‘पडलेल्यावर नाही.’ पोरं म्हणाली, नाही. ‘आपल्यापेक्षा लहान्यावर नाही. उस्तादावर नाही. आईवर नाही.’ मग मी थांबलो. पोरं वाट बघत होती. नासिरभाई हळूच म्हणाले, ‘बडे?’ माझ्या डोळ्यांपुढे उद्याची सोमवारची सकाळ आली, साहेबांची खोली, दारातला मी. ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला किती वेळ लागणार. मैदान बडनेऱ्याचं असलं तरी ऑफिस एकच आहे. म्हणालो, ‘मोठ्यायचं असं आहे गौतमी. जो तुहा हात धरन आन् सोड म्हटल्यावर सोडनार नाही, त्याच्यावर उचलाचा. तो किती का मोठा असंना. आपले साहेब असले तरी.’ आवाज फाटला. ‘त्या दिवशी तू चुकली नव्हती. मी चुकलो. तुह्यी मान मी खाली घातली, त्याची मले लाज वाटते.’ पोरांना ‘नाही’ म्हणायचं की ‘हो’ हे कळेना. शाइस्ताने आपली लाठी जमिनीवर टेकवली.

नासिरभाईंनी घसा साफ केला. ‘आन् बाप?’ ते म्हणाले. ‘बाप राह्यला भाऊ.’

मला ते आठवलं नव्हतं असं नाही. माझ्याआधीच्या माणसाने तेच सगळ्यात आधी म्हटलं होतं. ‘बापाचं मी नाही सांगत,’ मी म्हणालो. ‘ते तिचं तिले ठरवू द्या.’

नासिरभाई तिच्याकडे वळले. ‘बोल बेटा.’

मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, मला खात्री होती की ती लगेच म्हणेल, बाबावर नाही. इतकं सगळ्यांदेखत बोलल्यावर तेवढं तरी मिळेल असं मी धरून चाललो होतो. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग लाठी धरलेल्या माझ्या हाताकडे. ती विचार करत होती. गणित सोडवताना करते तसा, ओठ आत घेऊन, घाई न करता. मागून एक मालगाडी जाऊ लागली, ती पुरती गेली, तरी तिचा विचार चालूच होता.

‘मंग सांगीन,’ गौतमी म्हणाली, आणि माझ्या हातातलं लाठीचं टोक तिने ओढून घेतलं.